विसावी बाई

मंदे,

तुझ्या दशक्रियेला रामकुंडावर एका बाईने मला गाठलं. विधी अजून चालू होते. तुझे यजमान भाऊसाहेब ओल्या धोतराने पायरीवर बसले होते आणि गुरुजी घाई करत होते, कारण मागे आणखी दोन घरची माणसं खोळंबली होती. मी जरा बाजूला, कठड्याला टेकून उभी होते. ती बाई गर्दीतून वाट काढत सरळ माझ्यापाशी आली. चाळिशीची असेल. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर.

“तुम्ही शैलाताई ना? अंबडच्या?”

“हो.”

“मी कुसुम. मंदाताईंनी एक तारखेला कामावर यायला सांगितलं व्हतं.” ती थांबली, तुझ्या नवऱ्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. “आता येऊ का नको, तेवढं इचारायचं व्हतं. ही वेळ नाय, मला कळतंय. पण तुमचा नंबर माझ्याकडं नाय.”

मंदे, दहा दिवस मी रडत होते. त्या क्षणी तुझा इतका राग आला की डोळे कोरडे झाले. शनिवारी माझ्याशी एवढं भांडलीस, तेव्हा एका शब्दाने बोलली नाहीस की बाईला शब्द देऊन बसले आहे म्हणून. “बघू,” एवढंच मी तिला म्हणाले आणि चपला न घालता भाजीबाजाराच्या दिशेने चालत सुटले. तुझं पिंडदान व्हायचं होतं आणि मी भोपळ्यांच्या ढिगांमधून अनवाणी फिरत तुला मनातल्या मनात बोल लावत होते.

महिना होत आला आता. मला एका जागी बसवत नाही. गाळ्यात सकाळपासून बायकांच्या कामाच्या बोर्डांमधून येरझाऱ्या घालते. परवा लता म्हणाली, “ताई, तुम्ही बसा ना कुठंतरी. तुम्ही अशा फिरल्या की आमच्या हातातल्या वायरी चुकतात.” मग ऑफिसात जाऊन बसले आणि पाच मिनिटांत उठून पुन्हा बाहेर आले. तुझी खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, आणि ती हलवायला मी सांगत नाही.

तुझ्याबद्दल लोक फार गोड बोलतात सध्या. देवमाणूस होत्या म्हणतात. एवढ्या बायकांना उभं केलं म्हणतात. मी मान हलवते. पण माझं तुझ्याशी भांडण संपलेलं नाही, ते अर्ध्यावर टाकून तू गेलीस. म्हणून हे लिहायला बसले आहे. बसले म्हणजे, खरं तर उभ्यानेच लिहिते आहे, डिस्पॅचच्या उंच टेबलावर कागद ठेवून.

तुला तो कॅन्टीनमधला दिवस आठवत असेल. सातपूरच्या कारखान्यात आपण समोरासमोर बसायचो. तू निफाडकडून लग्न करून सिडकोत आलेली, मी पंचवटीतली. आठ तास स्विचच्या आत स्प्रिंगा बसवायच्या आणि तोंडाने बडबडायचं. मी तुझ्या बोलण्याला हसायची. तू म्हणायचीस, “हास तू. पण तुमची पंचवटीवाल्यांची भाषा म्हंजी आजारी माणसाशी बोलल्यासारखी.” मग मालकांनी ती लाइन दुसऱ्या राज्यात न्यायची ठरवली. आपल्या सगळ्यांना कॅन्टीनमध्ये उभं केलं आणि ऑफिसातल्या एका साहेबांनी कागदावरून नावं वाचली. ज्यांचं नाव येईल त्यांनी उद्यापासून यायचं नाही. माझं नाव सातवं आलं. तुझं पुष्कळ नंतर. मधल्या वेळात तुझं नाव येईल की नाही हे तुला ठाऊक नव्हतं, तरी तू माझा हात धरून उभी होतीस.

बाहेर आल्यावर मी रडायच्या बेतात, आणि तू म्हणालीस, “चल, मिसळ खाऊ. उद्यापासून डब्याची घाई नाय.”

मिसळ खाताना नाकाडोळ्यातून पाणी येत होतं, ते तिखटामुळे की कशामुळे ते आपण एकमेकींना विचारलं नाही. दुसऱ्यांदा रस्सा मागून तू विचारलंस, “शैले, काम आपल्याला येतं का नाय?”

“येतं.”

“मंग मालक कशाला पायजे?”

मी तुला वेड्यात काढलं. पण चार महिन्यांनी अंबडला एका शेडच्या मागच्या अंगाला आपण गाळा घेतलेला होता. दुचाकी गाड्यांसाठी वायरींच्या जुड्या बनवायच्या, कंपन्या त्यांना हार्नेस म्हणतात. प्लायवूडच्या बोर्डावर खिळे ठोकलेले असतात, त्यांच्यामधून रंगीत वायरी ठरलेल्या वाटेने टाकायच्या, टोकांना पितळी टर्मिनल दाबून बसवायचे, वरून टेप गुंडाळायची. पहिले दोन बोर्ड आपण दोघींनी स्वतः ठोकले. माझे खिळे सरळ, तुझे वाकडे, पण तुझ्या बोर्डावर काम माझ्यापेक्षा लवकर व्हायचं, याचा मला अजून राग आहे.

मग लता आली, तुझ्या शेजारची. मग तिची नणंद. मग त्र्यंबकच्या रस्त्यावरून रोज रिक्षा बदलत येणाऱ्या त्या दोघी बहिणी. तू माणसं आणायचीस आणि मी त्यांना शिकवायची. मला आठवतंय, पहिल्या दिवशी बाई हात मागे बांधून उभी राहायची, जणू काही मोडेल म्हणून. महिन्याभरात तीच बाई वायर हातात घेतल्या घेतल्या सांगायची, ताई, या गठ्ठ्याचं इन्सुलेशन पातळ आहे. ते ऐकताना तू माझ्याकडे बघायचीस आणि भुवया उडवायचीस. त्या भुवयांसाठी मी दिवसदिवस घसा फोडून शिकवलं आहे, मंदे. हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि मग आपण एकोणीसवर आलो, आणि तिथेच थांबलो. थांबलो म्हणजे मी थांबवलं.

कारण साधं होतं, किंवा मी ते साधं करून ठेवलं होतं. विसावं माणूस कामावर आलं की प्रॉव्हिडंट फंडाची नोंदणी करावी लागते. मग दर महिन्याचे कागद, दर बाईच्या पगारातून कापणी, तेवढीच भर आपली, कधीतरी तपासणी. बाकीचे नियम आपण पाळत होतोच, पण हा एक उंबरा मला ओलांडायचा नव्हता. अंबडमध्ये कितीतरी गाळे असे एकोणीसवर थांबलेले आहेत. कुणी अठरावर, एखादी जागा हाताशी ठेवून. कुणी एकाच शेडमध्ये दोन नावांच्या पाट्या लावतात. मी म्हणायची, आपण खोटं तर काही करत नाही. लहान राहायचं ठरवलं आहे, एवढंच.

“लहान ऱ्हायचं ठरवलंय कुणी? तू. मला इचारलंस का?” तू म्हणायचीस.

दर वर्षी एकदा तरी हे भांडण व्हायचं. मी म्हणायची, बायकांनाच कापणी नको आहे, त्यांना हातात पूर्ण पगार हवा असतो, विचार हवं तर. तू म्हणायचीस, “आज नको म्हणतील. पन्नाशीला गुडघे गेल्यावर इचार.” मी म्हणायची, काम कमी झालं तर? तू म्हणायचीस, “आन वाढलं तर?” यापुढे आपण कधी गेलो नाही. तू चहा सांगायचीस, मी हिशेबाच्या नावाखाली ऑफिसचं दार लावून घ्यायची.

पण तुझंही काही कमी नव्हतं. तुला ‘नाही’ म्हणता यायचं नाही. लग्नात, हळदीकुंकवात, निफाडच्या एस. टी. त शेजारी बसलेल्या बाईला, सगळ्यांना तू “ये की अंबडला” म्हणून मोकळी व्हायचीस. मग त्या बायका गेटवर यायच्या, मंदाताईंनी सांगितलंय म्हणायच्या, आणि तू नेमकी त्याच वेळी माल घेऊन गेलेली असायचीस. परत मी पाठवायची. तू हो म्हणायचीस आणि नाही म्हणायचं काम माझं. गावभर तू मंदाताई झालीस आणि मी ती दुसरी, कडक. याबद्दल तू एकदाही मला सॉरी म्हटलं नाहीस.

फरीदा आठवते? जुन्या नाशकातून यायची. तिचा हात मी पाहिला होता, टर्मिनल असा बसवायची की पुन्हा तपासायची गरज नाही. घेतली असती तर ती विसावी झाली असती. तीन दिवस रोज सकाळी येऊन गेटजवळ उभी राहिली आणि तिन्ही दिवस मी तिला सांगितलं की जागा नाही. चौथ्या दिवशी ती आली नाही. तू माझ्याशी आठवडाभर फक्त कामापुरतं बोललीस.

तुला न सांगितलेली गोष्ट अशी की मला ती नंतर भेटली. पंचवटीच्या बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती कुणाकडे तरी रोजावर. मी ओळख न दाखवता पुढे जाणार, तेवढ्यात तिनेच हाक मारली. मी घेतलेली जुडी माझ्या हातातून काढून घेतली, म्हणाली, “ये मत लो ताई, पिवळी आहे आतून,” आणि खालून ताजी काढून दिली. मंदाताई कशा आहेत विचारलं. तिच्या बोलण्यात एक कण कडवटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. घरी येऊन ती कोथिंबीर मी फ्रीजमध्ये ठेवली आणि तिथेच तिचा लगदा झाला. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी तिला शोधत गेली असतीस. म्हणूनच सांगितलं नाही. आता तिला शोधायला मी दोनदा जाऊन आले. त्या ओट्यावर आता दुसरंच कुणी बसतं.

लॉकडाऊनमध्ये गाळा बंद होता तेव्हाचंही एक राहिलं आहे. तू निफाडहून भावाच्या शेतातली भाजी आणून स्कूटरवरून एकेकीच्या घरी द्यायचीस, पोलिसांशी हुज्जत घालायचीस. मी एकदाही आले नाही. माझ्या दम्याचं कारण मी सांगितलं आणि तू ते मानलंस. दमा होता, पण तेवढा नव्हता. त्यांच्या दारात उभं राहून ‘काम पुन्हा कधी?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते माझ्याकडे नव्हतं. तुझ्याकडेही नव्हतं, पण तू तरी गेलीस.

आता त्या शनिवारबद्दल.

सकाळी त्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांचा फोन आला होता. आपण त्यांना देतो त्याच्या दुप्पट माल हवा म्हणाले. तू फोन ठेवून नाचायचीच बाकी होतीस. “शैले, आठ बाया लागतील. निदान चार तर लागतीलच!” बाहेरच्या बायकांनाही ऐकू गेलं. मी तुला आत बोलावलं आणि दार लावलं.

“नाही म्हणून कळव,” मी म्हणाले.

“का?”

“आपल्याला झेपणार नाही.”

“कुणाला झेपणार नाय? त्या बायांना? का तुला?”

मी चिडले. म्हणाले, “तुला माणसांची गर्दी जमवायची हौस आहे. ताई-ताई करून मागे लोक फिरले की तुला बरं वाटतं. तेवढ्यासाठी कारखाना चालत नाही.”

इतक्या वर्षांत तू मला लगेच उलट उत्तर दिलं नाहीस असं पहिल्यांदाच झालं. मग पर्स उचललीस आणि म्हणालीस, “तुला भ्या कशाचं वाटतं, ते मला एकदा सांग. नियमाचं सांगू नको. नियम मीबी वाचलाय.”

मी हिशेबाची वही पुढे ओढली. तू दुपारीच घरी निघून गेलीस. गेटपाशी लताने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालीस. संध्याकाळी तुला फोन करायचं माझ्या मनात आलं आणि मी स्वतःला म्हणाले, सोमवारी बोलू, सोमवारपर्यंत दोघी शांत होऊ.

रविवारी दुपारी भाऊसाहेबांचा फोन आला. जेवण करून तू पलंगावर आडवी झालीस, छातीत कळ आली म्हणालीस, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. मला वाटलं मी फोनवर काहीतरी चुकीचं ऐकते आहे. “डोकं दुखत होतं ना तिचं?” मी त्यांना परत परत विचारत होते. जसं काही डोकेदुखीचं औषध वेळेवर दिलं असतं तर तू वाचली असतीस.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. रामकुंड आठवतं, आणि ती कुसुम.

एक तारखेला ती आलीच. मी ‘बघू’ म्हणाले होते, ‘ये’ म्हणाले नव्हते. पण आठला पाच कमी असताना ती गेटवर हजर. निफाडहून पहिली एस. टी. पकडून. मी तिच्याकडे जाताना माझं नेहमीचं वाक्य तोंडात तयार होतं. इतक्या जणींना ते सांगितलं आहे की त्याला विचार लागत नाही.

“आधी कुठे काम केलं आहे?” मी विचारलं. हे विचारायचं काही कारण नव्हतं.

“द्राक्षं पॅकिंगला जाते, हंगामात. तीन महिने. मंग नऊ महिने असंच. मंदाताई एस. टी. त भेटल्या. त्यांना म्हटलं, मला बारा महिने हाताला काम पायजे. त्या म्हणल्या, ये.”

“त्यांनी आणखी काय सांगितलं?”

ती जरा घुटमळली. “म्हणल्या, शैला वरडंल. पण शिकवावं तर तिनंच.”

मंदे, हे तू एका अनोळखी बाईला एस. टी. त सांगितलंस आणि मला कधी सांगितलं नाहीस. मी गेट धरून उभी राहिले. लता आतून बघत होती. मी कुसुमला म्हणाले, “चपला बाहेर काढ आणि आत ये.” वाक्य माझ्या तोंडून गेल्यावर मला कळलं की काय बोलले.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना थांबवलं. डबे उघडे होते. सांगितलं की आता आपण वीस झालो, पुढच्या पगारापासून फंडाची कापणी सुरू होईल, तेवढीच भर कारखाना घालेल. मला वाटलं होतं कुणीतरी रडेल वगैरे, तुझं नाव काढेल. तसं काही झालं नाही. भांडण झालं.

“म्हणजे हातात कमी येणार?” त्र्यंबककडच्या दोघींतली मोठी म्हणाली.

“येईल कमी,” लता म्हणाली. “मला चालेल.”

“तुला चालेल. तुझा मुलगा नोकरीला लागला. माझ्याकडं दोन शिकतायत.”

“मग काय, म्हातारपणी त्यांच्या तोंडाकडं बघत बसणार?”

बराच वेळ असंच चाललं. कुसुम बिचारी डब्यात मान घालून बसली होती, सगळं तिच्यामुळे झाल्यासारखी. शेवटी कुणीतरी मागून म्हणालं, “चांगलं व्हतं तर ताईंनी इतकी वर्षं का नाय केलं?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तू शनिवारी विचारलं होतंस तेच हे, फक्त आता दार लावून घ्यायला ऑफिस लांब होतं.

मी सांगितलं. सातपूरच्या कॅन्टीनचं सांगितलं. जो साहेब नावं वाचत होता, त्याचा आवाज चिरकत होता, एक नाव त्याने दोनदा वाचलं आणि ती बाई दुसऱ्यांदाही “हो” म्हणाली. तू तेव्हा माझा हात धरून होतीस, पण तू बघत होतीस त्या बायकांकडे. मी त्या साहेबांकडे बघत होते. तुला कारखाना काढायचा होता तेव्हा तुला माणसं दिसत होती कामावर आलेली. मला पहिल्या दिवसापासून मी दिसत होते, हातात कागद घेऊन नावं वाचणारी. जेवढ्या बायका घेऊ, तेवढी नावं एखाद्या दिवशी वाचावी लागतील. एकोणीस नावं मी कशीबशी वाचू शकेन असं मला वाटायचं. त्याच्या पुढे नाही. नियमाचं मी फक्त निमित्त केलं होतं.

हे मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं.

लता डबा बंद करत म्हणाली, “म्हणजे आम्हाला कधीतरी काढावं लागेल या भीतीनं तुम्ही दुसऱ्या कुणाला घेतलंच नाही?”

“हो.”

“अहो ताई,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग होता, खरा राग, “काम सुटलं तर आम्ही दुसरं शोधू. आधीपण शोधलंच की. पण मिळालंच नाही तर सुटणार काय?”

मग भोंगा झाला शेजारच्या कारखान्याचा आणि सगळ्या उठल्या. कुणी माझी समजूत घातली नाही. त्र्यंबककडची मोठी अजून माझ्याशी तुटक वागते. तिचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही, तिची अडचण खरी आहे. तिला जास्तीचं काम देऊन भरून काढता येईल का, ते बघते आहे. तू असतीस तर तिच्या घरी जाऊन चहा पिऊन आली असतीस. मी रविवारी जाणार आहे. काय बोलायचं ते माहीत नाही.

कुसुमने चौथ्या दिवशी गोंधळ घातला. पिवळी आणि पिवळ्यावर हिरवी रेघ असलेली, अशा दोन वायरींची अदलाबदल झाली, एका पूर्ण खोक्यात. तपासणीला सापडलं. मी असा आवाज चढवला की शेजारच्या शेडमधला वेल्डर डोकावून गेला. मग तिच्या शेजारी बसले आणि दुपारभर दोघींनी मिळून एकेक टोक उचकटून पुन्हा बसवलं. तिची बोटं द्राक्षाचा घड धरावा तशी वायर धरतात, फार हळुवार. तिला सांगितलं, जरा दाब, हिला जखम होत नाही. ती हसली. मलाही हसू आलं आणि मी सवयीने मान वर करून तुझ्याकडे बघितलं.

त्या वेळी तू नाहीस हे मला पहिल्यांदा नीट कळलं. रामकुंडावर कळलं नव्हतं.

स्कूटरवाल्यांना मी फोन केला. वाढीव माल पूर्ण जमणार नाही, त्याच्या अर्ध्यापासून सुरुवात करू म्हणाले. त्यांना ते पसंत पडलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी एक कागद पाठवला, पुरवठादारांकडून भरून घेतात तो. त्यात दोन रकाने असतात. सध्या किती कामगार, आणि वर्षभरात किती होतील. असा कागद दुसऱ्या कंपन्यांकडूनही यायचा आणि मी दोन्हीकडे एकोणीस लिहून पाठवायची. हे काम माझं असल्यामुळे तू ते कधी पाहिलं नसशील.

आज सकाळी पहिल्या रकान्यात मी वीस लिहिलं. दुसऱ्याशी अडले. बाहेर आले, येरझाऱ्या घातल्या, आत गेले, परत बाहेर आले. शेवटी लताला विचारलं, “इथे आणखी किती जणी बसतील?”

तिने हातातलं काम खाली ठेवून गाळाभर नजर फिरवली. “आहे असंच ठेवलं तर एक. भिंतीकडचं लोखंडी कपाट मागच्या खोलीत नेलं, तर चार.”

“जाईल मागे?”

“दारातून आडवं करावं लागेल.”

काम थांबवून आम्ही ते कपाट रिकामं केलं. बायका दोन्ही बाजूंनी लागल्या, कुसुम पुढे, मी मागून. दारात ते अडकलं. लता म्हणाली डावीकडे, मी म्हणाले उजवीकडे, तिचं बरोबर निघालं. फरशीवर ओरखडा पडला. अर्ध्या तासाने भिंत मोकळी झाली आणि लताने टेप घेऊन मापं घेतली. चार बोर्ड बसतील, मधून जायला वाटही राहील.

मी आत येऊन दुसऱ्या रकान्यात चोवीस लिहिलं. आकडा ठळक दिसावा म्हणून त्याच्यावरून पुन्हा एकदा गिरवला.